दोन दिवसांत जाणारी धार : कोथरूडच्या एका पोळी-भाजी केंद्राचं प्रकरण

तक्रार अगदी साधी होती. कोथरूडमधलं एक पोळी-भाजी केंद्र. पहाटे साडेपाचला चिराचिरी सुरू होते आणि बाराच्या आत शंभरेक डबे बाहेर पडतात. महिन्यातून दोनदा धारवाला यायचा, सगळ्या सुऱ्या लख्ख करून द्यायचा आणि तिसऱ्या दिवशी टोमॅटो पुन्हा चेंगरायला लागायचे. मालकीणबाईंचं मत पडलं, "हल्लीच्या सुऱ्यांत दमच राहिला नाही." भाचा म्हणाला, जपानी सुरी घ्या, आणि एक आणूनही दिली. भाजी चिरणाऱ्या मावशींना दोन्ही पटत नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं, सुऱ्या ठेवा बाजूला, मला विळी द्या.

माझी नोकरी पिंपरीला टूलरूममध्ये झाली. मिलिंग कटर आणि ड्रिलना धार लावणं हे तिथलं रोजचं काम. घरच्या सुऱ्यांचा नाद मागाहून लागला आणि तो सोसायटीभर माहीत आहे, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

धार होती कुठे?

मी गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळीच धारवाला येऊन गेला होता. याचा फार उपयोग झाला, कारण ताज्या धारेची सुरी हातात मिळाली. मोठ्या सुऱ्या दोन, वीस सेंटिमीटर पात्याच्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्या, साध्या स्टेनलेसच्या. तुळशीबागेपासून डी-मार्टपर्यंत कुठेही मिळतात तशा. एक छोटी दातेरी सुरी टोमॅटोसाठी आणि एक भाच्याची जपानी.

पहिली मोठी सुरी घेतली आणि वर्तमानपत्राचं पान उभं धरून कापलं. सुर्रकन कापलं गेलं. मालकीणबाईंचा, म्हणजे वहिनींचा, चेहरा खुलला. मग तीच सुरी एका लाकडी फळीच्या कडेत जरा जोर देऊन पाच-सहा वेळा उभी खुपसली आणि पुन्हा तोच कागद घेतला. या वेळी कागद कापला गेला नाही, फाटला. धार मधेच अडकत होती.

"अहो काका, कालच लावलीय!"

"कालच लावलीय म्हणूनच हे होतंय, वहिनी."

खिशातल्या दहापट भिंगातून धारेकडे पाहिलं की कारण दिसतं. पात्याच्या एका अंगाला, टोकापासून टाचेपर्यंत (म्हणजे मुठीकडच्या बाजूपर्यंत), धातूचा एक पातळ पापुद्रा दुमडून लोंबत होता. कारखान्यात याला बर म्हणतात. पातं एका बाजूने घासत गेलं की धारेपाशी पोलाद इतकं पातळ होतं की ते कापलं जाण्याऐवजी वाकतं आणि समोरच्या बाजूला सरकतं. ही बर येणं वाईट नाही. उलट ती आल्याशिवाय त्या बाजूची धार पुरी झाली असं म्हणताच येत नाही. गडबड होते ती बर तशीच राहिली की. पापुद्रा पातळ असल्यामुळे कागद झक्क कापतो, अंगठ्यालाही धारदार लागतो. पण वाकवाकीने तो आधीच अर्धमेला झालेला असतो. गाजर-कोबीवर दहा-वीस घाव पडले की तो आडवा होतो किंवा तुटतो, आणि त्याच्या खाली जी कड उरते ती ओबडधोबड आणि जाड असते.

म्हणजे या केंद्रात धार दोन दिवसांत जात नव्हती. ती लागलेलीच नव्हती. दोन दिवस बर कापत होती.

साध्या स्टेनलेसमध्ये हा त्रास जास्त. या सुऱ्यांचं पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५२ ते ५६ च्या दरम्यान असतं. मऊ आणि चिवट, त्यामुळे बर सहजासहजी तुटून पडत नाही, या अंगावरून त्या अंगावर नुसती लोळत राहते. जपानी व्हीजी-१० सारखं पोलाद ६० च्या आसपास जातं. तिथे बर बारीक येते आणि लवकर सुटते.

धारवाल्याला दोष देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. सायकलच्या पायडलवर फिरणारं एमरीचं चाक, सुरीमागे मिनिटभर वेळ आणि नगावर पैसे. गिऱ्हाईक अंगठा लावून बघतं, खूष होतं. बर काढायला आणखी पाच मिनिटं घालवली तर त्याचे त्याला कोण देणार? कात्र्या, कोयते, विळ्या यांच्यासाठी ते चाक चालतंही. विजेच्या ग्राइंडरची गोष्ट मात्र वेगळी. सहा इंची चाक मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला २२ मीटरच्या वेगाने जात असते. धारेचा शेवटचा भाग केसाहून पातळ. कोरड्या चाकावर तो क्षणात तापतो आणि पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, तेवढ्यापुरतं उतरतं. ठिणग्या बघायला छान वाटतात, एवढंच.

दुसरी सुरी, दुसरा रोग

दुसऱ्या मोठ्या सुरीची तक्रार वेगळी होती, पण ती कोणी वेगळी सांगितली नव्हती. "हीपण बोथट," एवढंच. मावशींना म्हटलं, एक कांदा चिरून दाखवा. त्यांनी भराभर चिरला आणि चिरलेला कांदा हाताने उचलला. सगळ्या चकत्या खालच्या बाजूला एकमेकींना चिकटलेल्या, लोंबती माळच. "हे असंच होतं. मग परत एकदा हात फिरवायचा."

हे बोथटपणाचं लक्षण नाही. सुरी बोर्डवर उभी ठेवली आणि पाठीमागे मोबाइलची बॅटरी धरली, तर टाचेपासून दोनेक इंचांवर धारेखालून उजेडाची फट दिसली. चाकावर दरवेळी तिथेच जास्त दाब पडत गेला होता आणि धारेला पोट आत गेलेला खळगा पडला होता. बाकीची धार बोर्डला टेकते तेव्हा तो भाग अधांतरीच राहतो, मग कांद्याचा शेवटचा पापुद्रा कसा तुटणार? या सुरीला जगातली सर्वांत तीक्ष्ण धार लावली असती तरी माळ तशीच राहिली असती.

भाच्याच्या सुरीचं तर पहिल्या दृष्टीतच कळलं. टोकाकडे तीन ठिकाणी टवके. विचारल्यावर समजलं, ओल्या नारळाची वाटी सोडवायला कुणीतरी टोक खुपसून पिळलं होतं. कडक पोलाद धार टिकवतं, पण पिळ सोसत नाही. मऊ सुरी अशा वेळी वाकली असती, ही तुटली.

ओट्यापाशी

दगड बाहेर काढण्याआधी तासभर नुसता उभा राहून काम बघितलं. या तासात जे दिसलं ते भिंगातून दिसलं नसतं.

चॉपिंग बोर्ड प्लॅस्टिकचा, बारीकसा, वहीएवढा. वीस सेंटिमीटरची सुरी त्यावर मावत नव्हती. प्रत्येक घावाला टोक बोर्डच्या बाहेर ग्रॅनाइटच्या ओट्यावर आपटत होतं. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ पोलादाहून कठीण, त्यामुळे टोकाकडची इंच-दीड इंच धार कायम मेलेली. कोशिंबिरीचे टोमॅटो तर घाईत थेट स्टीलच्या परातीतच चिरले जात. आणि सर्वांत वाईट सवय, जिच्याकडे घरोघरी कुणाचं लक्ष नसतं: चिरलेली भाजी सुरीच्या धारेने खरवडून परातीत लोटायची. धार उभ्या दाबाला तयार केलेली असते. आडवं खरवडलं की ती एका बाजूला लोळते. दिवसातून शे-दोनशे वेळा हे होत होतं.

धुणंही तसंच. खरकट्या भांड्यांच्या ढिगात सुरी टाकायची, वर कढई आदळायची.

तेव्हा एका तक्रारीमागे तीन-चार कारणं होती आणि दगडाने त्यातली दोनच सुटणार होती, हे वहिनींना आधीच सांगून टाकलं. पुण्यात आधी सांगितलेलं बरं असतं.

दगड

बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात दुतोंडी ऑइलस्टोन काही शे रुपयांत मिळतो. एक बाजू भरड, एक बारीक. तो सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजेच कार्बोरंडमचा. १८९१ साली एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत होता, तेव्हा हे त्याच्या हाती लागलं. हिरे राहिले, पण धार लावणाऱ्यांची सोय झाली. नाव ऑइलस्टोन असलं तरी नवा दगड पाण्यावरही चालतो, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की झालं. एकदा तेल मुरलं की मात्र पुढे तेलच. स्वयंपाकघरात मी पाणीच वापरतो.

पण एक घोटाळा असतो. त्या दगडाची 'बारीक' बाजूही खरं तर बरीच भरड असते. तिथेच थांबलं तर धार करवतीसारखी राहते. म्हणून सोबत एक जपानी पद्धतीचा हजार नंबरचा (नंबर मोठा तसा दगड बारीक) पाण्याचा दगड घेतला. त्यातले कण दहा-पंधरा मायक्रॉनच्या घरात असतात. वापरण्याआधी बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, तो पाण्यात बुडवून ठेवायचा. आणि लक्षात ठेवायचं की दगडाचे नंबर आणि वॉटर पेपरचे (पाण्यावर चालणाऱ्या पॉलिश पेपरचे) नंबर एकाच मापाचे नसतात.

आधी खळगा पडलेली सुरी घेतली. इथे वहिनींनी श्वास रोखला, कारण मी सुरी भरड दगडावर काटकोनात उभी धरली आणि होती-नव्हती ती धार सरळ मोडून टाकली. दुसरा मार्ग नसतो. खळगा भरून काढता येत नाही, बाकीची धार त्याच्या पातळीला उतरवावी लागते. मधूनमधून सुरी बोर्डवर ठेवायची, मागे उजेड धरायचा, फट मिटेपर्यंत घासायचं. पात्याची उंची मिलिमीटरभर कमी झाली. धारेच्या जागी चकचकीत सपाट पट्टी उरली. मग दोन्ही अंगांनी उतार पाडत ती पट्टी नाहीशी करायची. सगळ्या कामात वेळ गेला तो इथेच. धार जिथे संपते तिथून वर जाडी जास्त राहिली तर गाजर चिरण्याऐवजी फुटतं, म्हणून व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावून, धारेच्या लगत जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत येईपर्यंत अंग उतरवलं.

कोनाचा बाऊ फार केला जातो. हिशेब सोपा आहे. पातं ४५ मिलिमीटर उंच असेल तर पाठ दगडापासून १५ मिलिमीटर वर धरली की एका बाजूचा कोन साधारण २० अंश होतो, साडेअकरा वर धरली की १५. या मऊ सुऱ्यांना आणि घाईच्या हातांना मी २० ठेवला. १५ अंशांची धार पहिल्या दिवशी जास्त छान वाटली असती आणि आठवड्यात लोळली असती. १५ किती की २० किती, यापेक्षा शेवटपर्यंत एकच राहणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी उतारावर मार्करची शाई फासायची आणि चार हात मारून बघायचं. शाई फक्त वरच्या बाजूने पुसली गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेपाशी पुसली गेली तर फार वर.

दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगता येत नाही. तिथे कणीक मोजायचा डिजिटल काटा होता. त्यावर ओला टॉवेल, टॉवेलवर दगड, काटा शून्यावर आणला आणि मावशींना म्हटलं, आता घासा आणि आकडा बघा. सुरुवातीला दीड-दोन किलो. बर आल्यावर अर्धा किलो. शेवटच्या हातांना पाव किलोच्याही खाली. मावशी मुळशीकडच्या, खुरपी आणि कोयते पाजवत मोठ्या झालेल्या. पाचव्या मिनिटाला त्यांना काट्याची गरज राहिली नाही.

बर ओळखण्यातही त्यांनी मला मागे टाकलं. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर सरकवायचा. धारेच्या लांबीवरून कधीच नाही. "ह्या अंगाला कुसळ लागतंय, त्या अंगाला नाही. आणि टोकाकडं अजून आलंच नाही बघा." बरोबर होतं. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ थोडी उचलावी लागते, नाहीतर तेवढा भाग दगडाला लागतच नाही. बर टाचेपासून टोकापर्यंत सलग आली की बाजू बदलायची, आधी नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो बर काढायचा टप्पा. दुसऱ्या अंगालाही बर आली की हजाराच्या दगडावर एक हात या बाजूने, एक त्या बाजूने, धार पुढे ठेवून, जणू दगडाचा पातळ काप काढायचा आहे असे. प्रत्येक जोडीला दाब कमी करत जायचं. बर लहान होत जाते, पण मऊ पोलादात शेवटचा अंश हट्टी असतो. त्यासाठी लाकडाच्या कडेवरून धार हलकेच एकदा ओढायची, पुन्हा दगडावर चार अलगद हात, आणि मग जुन्या कातडी पट्ट्यावर हिरवं पॉलिश लावून पाठीच्या दिशेने ओढायची. हिरवं पॉलिश म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. पट्ट्यावर धार पुढे ढकलली तर पट्टा कापला जातो, एवढंच भान ठेवायचं.

मग सुरुवातीची परीक्षा परत. कागद, लाकडात पाच-सहा घाव, पुन्हा कागद. दुसऱ्या वेळीही कागद कापला गेला तर काम झालं. फक्त पहिल्या कागदावर विश्वास ठेवू नये. टोमॅटोची परीक्षाही चांगली. सुरी टोमॅटोवर नुसती टेकवायची आणि मागे ओढायची, दाबायचं नाही. साल तिथल्या तिथे उघडली पाहिजे.

हजाराच्या पुढे या सुऱ्यांना नेलं नाही. यूट्यूबवर लोक आठ-आठ हजारांपर्यंत जातात आणि आरशासारखी धार दाखवतात. फोटो सुरेख येतो. पण फार गुळगुळीत धार टोमॅटोच्या सालीवरून घसरते. हजाराने जे सूक्ष्म दाते राहतात ते सालीत रुततात. मऊ पोलादात तो आरसा एक सकाळ टिकतो. भाच्याच्या सुरीला मात्र टवके घालवून, १५ अंशांवर, तीन हजारांपर्यंत नेलं. ती त्याला परत पाठवावी हा माझा सल्ला वहिनींनी मानला. वाईट सुरी नाही, पण चार हातांत फिरणाऱ्या स्वयंपाकघरात ती जगणार नाही. दातेरी टोमॅटो-सुरीला हात लावला नाही. सपाट दगडावर तिचे दाते घासले जातात.

पंधरवड्यानंतर

दोन्ही मोठ्या सुऱ्या कागद कापत होत्या. पहिल्या दिवसासारख्या नाही, पण कांदा एका हातात चिरला जात होता आणि माळ गेली होती. मावशींच्या मते डोळ्यांचं पाणीही कमी झालं. ते पटण्यासारखं आहे. बोथट सुरी कांद्याच्या पेशी चेंगरते आणि चेंगरलेल्या पेशींतूनच तो झोंबणारा वायू तयार होतो. भिंगातून पाहिलं तर धार कुठे-कुठे किंचित लोळलेली, झिजलेली नव्हती. अशा वेळी सगळी कसरत करायची नसते. ड्रॉवरमध्ये पडून असलेली पोलादी सळई दोन-चारदा हलक्या हाताने फिरवली की धार उभी राहते. सळईने भागेनासं झालं की हजारावर प्रत्येक बाजूला काही हात. भरड दगड आता वर्षातून एखाद्या वेळी.

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्याच आठवड्यात मदतीला येणाऱ्या एका मुलीचं बोट कापलं. बोथट सुरीवर दाबून चिरायची हाताला सवय लागलेली असते आणि नवी धार त्या दाबाची वाट बघत नाही. हे आता कामावर येणाऱ्या प्रत्येकीला आधी सांगतात. बोर्ड मोठा आणि जाड आला, खाली ओला फडका आला, परातीत चिरणं बंद झालं. खरवडणं बंद झालं नाही. मावशी सुरी उलटी करून पाठीने लोटतात, बाकीच्या सकाळच्या घाईत अजून धारेनेच लोटतात. वहिनी ओरडतात, तेवढ्यापुरतं थांबतं. पोळ्यांच्या कणकेसाठी ठेवलेला प्लॅस्टिकचा खरवडा बोर्डशेजारी टांगून ठेवा म्हटलंय.

धारवाला अजूनही येतो. कात्री आणि खवणीची विळी त्याच्याकडेच जाते.

मावशींची ताजी तक्रार सुऱ्यांबद्दल नाही, दगडाबद्दल आहे: "मधनं खोल गेलाय, काका." पाण्याचा दगड मऊ असतो, मध्यभागी झिजतोच, आणि खोलगट दगडावर कोन दर हाताला बदलतो. उपाय घरगुती आहे. जाड काचेचा सपाट तुकडा, त्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवायचा, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर आठाच्या आकड्यात फिरवायचा. कडा तासून किंचित गोल करायच्या, नाहीतर त्यांचे टवके उडून पृष्ठभागावर ओरखडे पडतात. काच त्यांनी कुठल्याशा जुन्या टीपॉयची मिळवली आहे, पेपर मी येत्या रविवारी नेणार आहे.